गोव्याच्या हवेत व्हायोलिन: घरच्या घरी शिकणाऱ्या मोठ्यांनी या चुका टाळा

चाळिशी-पन्नाशीत व्हायोलिन हातात घेतलेल्या माणसाची तक्रार बहुधा ठरलेली असते. आवाज खरखरतो, तार सुरात राहत नाही, बोटं जागेवर पडत नाहीत. आता वय झालं, आपल्याच्याने होणार नाही. यातली वयाची गोष्ट मला मान्य नाही. खरखर बोमुळे, म्हणजे तारांवर फिरवायच्या गजामुळे असू शकते, सुरात न राहणारी तार तिला ताणून धरणाऱ्या खुंटीमुळे आणि खुंटी पावसाळ्यामुळे. मोठ्या माणसाला समज लवकर येते, हात मात्र आपल्या वेळेनेच तयार होतो. तो उशीर सहन न होऊन प्रत्येक दोष हाताच्या माथी मारला जातो. म्हणून आधी ठरवायचं की दोष वाद्याचा आहे, हवेचा आहे की हाताचा. तेवढं जमलं की निम्मी निराशा तिथेच संपते.

गोव्यात हे वाद्य परकं नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून गावातल्या मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तिथूनच तयार झालेले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. मांडो या कोंकणी गीतप्रकाराला घुमट या मातीच्या तालवाद्याबरोबर व्हायोलिनची साथ असते. आणि दुसरीकडे याच मातीत मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, जितेंद्र अभिषेकी यांच्या गाण्यावर वाढलेला कान आहे. फोंड्या-डिचोलीतल्या मराठी घरातला माणूस व्हायोलिन घेतो तेव्हा त्याला बहुतेकदा अभंग किंवा नाट्यपद वाजवायचं असतं, पण मोबाइलवरचे धडे मात्र पाश्चात्त्य पद्धतीचे सापडतात. पहिली चूक इथेच होते.

दोन पद्धतींची खिचडी

पाश्चात्त्य पद्धतीत उभं राहून किंवा खुर्चीत बसून वाद्य हनुवटीखाली धरतात आणि तारा जी, डी, ए, ई अशा जुळवतात. आपल्याकडे मांडी घालून बसतात, उजवा पाय थोडा पुढे घेतात, व्हायोलिनचं डोकं त्या पायाच्या घोट्याशी टेकवतात आणि तारा षड्ज-पंचमात लावतात. खाली टेकू मिळाल्यामुळे डावा हात मोकळा होतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणं, घेता येते. दोन्ही पद्धती पूर्ण आहेत. गोंधळ होतो तो आज हनुवटीखाली धरून, उद्या पायाशी टेकवून, एका धड्यातली बोटं आणि दुसऱ्या धड्यातलं तारांचं जुळवणं घेतल्यामुळे. अशा वेळी बोट बरोबर जागी पडलं तरी स्वर वेगळाच येतो आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपला कानच कच्चा आहे.

मार्ग एकच निवडा. निवड होत नसेल तर सुरुवातीला फक्त मधल्या दोन तारांवर काम करा. हार्मोनियमच्या पांढरी दोनला षड्ज धरला की डीची तार म्हणजे सा आणि एची तार म्हणजे प, दोन्ही पद्धतींत चालणारं. बाहेरच्या दोन तारांना काही महिने हात लावला नाही तरी काही बिघडत नाही. पहिली, बारीक तार सर्वांत जास्त याच काळात तुटते, कारण ट्यूनरवरचं (स्वर मोजणाऱ्या ॲपवरचं) अक्षर बरोबर दिसेपर्यंत माणूस खुंटी पिळत राहतो आणि एक अख्खं सप्तक वर गेलोय हे त्याच्या लक्षात येत नाही. ती तार ६५९ हर्ट्झची. ट्यूनरवर अक्षराबरोबर हा आकडाही बघा.

खोक्यातून काढलेलं वाद्य तयार नसतं

ऑनलाइन मागवलेल्या व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी ब्रिज, पुष्कळदा आडवी किंवा सुटी येते. ती चिकटवायची नसते, तारांच्या दाबानेच उभी राहते. तिची जागा दोन्ही बाजूंच्या वळणदार छिद्रांच्या आतल्या खाचांच्या रेषेत. तिची उंच बाजू जाड तारेखाली, सखल बाजू बारीक तारेखाली. उलटी बसवली तर एका तारेवर वाजवताना बो शेजारच्या तारेला लागतो, आणि दोष पुन्हा हाताला दिला जातो.

तारा जुळवताना घोडीचा माथा हळूहळू बोटांच्या पट्टीकडे ओढला जातो. दर दोन-तीन दिवसांनी बाजूने बघा. टेलपीसकडची (तारांची खालची टोकं अडकवतात त्या पट्टीकडची) तिची पाठ वाद्याच्या पोटाशी काटकोनात हवी. झुकली असेल तर तारा किंचित सैल करून दोन्ही हातांच्या बोटांनी माथा अलगद मागे घ्या. दुर्लक्ष केलं तर घोडी वाकते किंवा एक दिवस फाडकन पडते.

तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका, एकेक बदला. आतमध्ये एक छोटा खांब असतो, साउंडपोस्ट. तोही नुसत्या दाबावर उभा असतो. तारांचा दाब गेला की तो पडू शकतो आणि मग वाद्यातून लाकडाचा तुकडा खुळखुळल्यासारखा आवाज येतो. तसं झालं तर उरलेल्या ताराही सैल करा आणि वाद्य कारागिराकडे न्या. घरी वाकवलेल्या तारेने तो उभा करण्याचा प्रयत्न करणाऱ्यांनी आतलं लाकूड खरवडलेलं मी पाहिलं आहे.

वाजवताना झीं-झीं आवाज येत असेल तर आधी फाइन ट्यूनरचा, म्हणजे टेलपीसवर तार बारीक जुळवायला असतो तो स्क्रू सैल आहे का बघा. तो घट्ट असेल तर बोटाच्या पेराने वाद्याच्या कडेने टकटक करत जा. जिथे आवाज पोकळ, फुटका येतो तिथे सांधा सुटलेला असतो.

पाऊस, खारा वारा आणि मे महिन्यातली गाडी

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात लाकूड ओलावा पितं. खुंट्या फुगून अडकतात. अशा वेळी पक्कड लावू नका, खुंटी मोडेल किंवा खुंट्यांची पेटी चिरेल. वाद्य सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटीत बंद करून कोरड्या खोलीत दिवसभर ठेवा आणि मग हलक्या हाताने फिरवून बघा. पाऊस गेल्यावर उलटं होतं: लाकूड आकसतं आणि खुंट्या घसरतात. सकाळी जुळवलेलं वाद्य संध्याकाळी पूर्ण उतरलेलं असतं. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवायची असते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तरीही घसरत असेल तर खुंट्यांसाठी मिळणारं मलम लावा, किंवा खुंटी काढून तिच्यावर थोडा खडू घासा.

बोचे केस घोड्याचे असतात आणि दमट हवेत ते लांबतात. जुलैत स्क्रू फिरवत राहिलं तरी केस ताणले जात नाहीत, ते यामुळे. पुड्यांसह पेटीत एखादा दिवस गेल्यावर बहुधा फरक पडतो. वाजवून झाल्यावर बो सैल न करणं ही मात्र सरळ आपली चूक. एसीच्या कोरड्या खोलीत ताणलेलेच केस आकसतात आणि बोची लाकडी काडी कायमची वाकू शकते.

मिरामार, कोलवा, हरमलसारख्या ठिकाणी समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या पोलादी तारा लवकर गंजतात. रोज वाजवून झालं की सुती फडक्याने तारांवरचा घाम आणि रोझिनची, म्हणजे बोच्या केसांना फासायच्या राळेची भुकटी पुसा. आणि वाद्य उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, कितीही थोड्या वेळासाठी असो. व्हायोलिनचे सांधे पारंपरिक पद्धतीने सरसाने जोडलेले असतात आणि मे महिन्याच्या बंद गाडीतल्या उष्णतेत सरस मऊ पडतो.

आवाज खरखरतो तेव्हा

नव्या बोवर रोझिन नसतं, म्हणून तो तारेवरून नुसता घसरतो, आवाजच येत नाही. नवी रोझिनची वडी गुळगुळीत असते. तिचा पृष्ठभाग बारीक सँडपेपरने थोडा खरवडून मग बो तिच्यावर फिरवा. आवाज आला नाही म्हणून पुन्हा पुन्हा रोझिन फासणारे पुढे उलट्या टोकाला जातात. तारांखाली पांढरी भुकटी साचते आणि प्रत्येक स्वर कर्कश येतो. केसांना बोटं लावू नका. हाताचा घाम आणि खोबरेल तेल केसांना लागलं की तेवढ्या भागाला पुन्हा पकड येत नाही.

बोचा ताण किती? मधोमध काडी आणि केस यांच्यात पेन्सिल जाईल इतकं अंतर. त्याहून घट्ट केला तर बो तारेवर उड्या मारतो.

यानंतर हाताचा भाग सुरू होतो, आणि मला वाटतं शिकणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. डाव्या हाताकडे सगळ्यांचं लक्ष असतं, कारण स्वर तिथे दिसतात. पण आवाज उजवा हात काढतो. बो तारेवर कुठे चालतोय हे बघा. घोडीला अगदी लागून चालला आणि दाब कमी असला तर किंचाळतो. बोटांच्या पट्टीवर सरकला तर फुसफुसतो. दोघांच्या मध्ये, घोडीला समांतर, सरळ रेषेत तो जायला हवा. आरसा समोर ठेवून एकाच मोकळ्या, म्हणजे बोट न ठेवलेल्या तारेवर सावकाश बो ओढा. अर्ध्या बोनंतर टोकाकडे जाताना फक्त कोपरापुढचा हात उघडायचा असतो. नवशिका पूर्ण हात खांद्यातून मागे नेतो आणि बो तिरका होतो. आरशात हे लगेच दिसतं. नुसत्या जाणिवेवर कधीच कळत नाही.

हाताजवळ बो जड असतो, टोकाशी हलका. म्हणून एकाच दाबाने ओढला तर सुरुवातीला ओरखडा आणि शेवटी कुजबुज. टोकाकडे जाताना तर्जनीने वजन थोडं थोडं वाढवा, परत येताना कमी करा. करंगळी गोल, अंगठा वाकलेला. ते दोन्ही ताठ झाले की मनगट गोठतं आणि बाकी सगळं बिघडतं.

बोटं चुकीच्या जागी पडतात तेव्हा

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. वाजणाऱ्या तारेची लांबी साधारण ३२५ मिलिमीटर असते. मोकळी तार सा धरली तर शुद्ध रे वरच्या टोकापासून सुमारे ३६ मिलिमीटरवर, ग ६५ वर, म ८१ वर आणि प १०८ वर येतो. सा ते रे ३६, रे ते ग २९, पण ग ते म केवळ १६. बोटं समान अंतरावर ठेवण्याची सवय लागली की म कायम चढा येतो. दुसरं आणि तिसरं बोट जवळजवळ चिकटलेलं हवं.

पट्टीवर बारीक टेप लावायला सुरुवातीला हरकत नाही. पण वाद्य तिरकं असल्यामुळे डोळा टेपची जागा चुकीची सांगतो, आणि टेपकडे बघणारा ऐकणं सोडून देतो. ट्यूनरच्या काट्याचंही तसंच. काटा तार जुळवण्यापुरता वापरा. रियाजाला तंबोऱ्याचं ॲप लावा आणि त्यावर भूप रागाचे स्वर घ्या: सा मोकळी तार, रे पहिलं बोट, ग दुसरं, मग प मोकळी, ध पहिलं बोट, वरचा सा तिसरं. मध्यमाची अडचण यात येतच नाही. वरचा सा पक्का लागला तर शेजारची षड्जाची मोकळी तार आपोआप गुंजते. बो उचलून ऐका. ती गुंजली नाही तर बोट केसभर सरकवा, गुंजेपर्यंत.

एका सवयीपासून सावध राहा. स्वर सापडत नाही म्हणून बोट घसरवत शोधायचं, आणि त्याला मींड म्हणायचं. मींड दोन पक्क्या स्वरांमधून जाते. प्रत्येक स्वर खालून सरकत येत असेल तर काही आठवडे मींड पूर्ण बंद ठेवा आणि बोट थेट जागेवर टाका.

बोटांची टोकं दुखणं साहजिक आहे, काही दिवसांत ती घट्टावतात. अंगठा, मान किंवा मनगट दुखत असेल, बोटं बधिर होत असतील, तर थांबा. बहुधा डाव्या अंगठ्याने व्हायोलिनची मान आवळलेली असते आणि मनगट खाली लोंबलेलं असतं.

वेळ, शेजारी आणि दुसऱ्याचा कान

रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं कितीतरी पटींनी बरी. पर्वरी-मडगावच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांसाठी घोडीवर रबरी म्यूट लावतात. ते ठीक आहे, पण सगळा रियाज म्यूटवर केला तर स्वतःचा खरा आवाज ऐकायचाच राहून जातो. दिवसातली पाच मिनिटं तरी ते काढून वाजवा. आठवड्यातून एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना लक्ष हातात अडकलेलं असतं, ऐकताना नसतं.

गावच्या भजनात साथ करायची वेळ आली तर मोबाइलच्या ट्यूनरवर नव्हे, तिथल्या हार्मोनियमवर तारा जुळवा. जुन्या पेट्या ट्यूनरच्या ४४० हर्ट्झच्या मापात असतीलच असं नाही, आणि पेटी हलणार नाही, तार हलेल. पेटीवाल्या काकांना आपले स्वर कुठे उतरतात ते विचारा. त्यांचा कान वर्षानुवर्षं एकाच सुरावर बसलेला असतो.

स्वतः शिकायचं म्हणजे कुणालाच दाखवायचं नाही, असं नाही. पणजीच्या कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही संगीत शिकवलं जातं, आणि चर्चच्या कॉयरमध्ये किंवा नाटकाच्या साथीत वाजवणारा कुणीतरी ओळखीच्या ओळखीतून सहज सापडतो. सुरुवातीच्या महिन्यांत दोन-तीनदा त्यांच्यासमोर बसा. पहिल्या भेटीत गाणं वाजवून दाखवू नका. मोकळ्या तारेवर फक्त बो ओढा आणि त्यांना तुमच्या उजव्या हाताकडे बघायला सांगा.