गोलाकार ठळक फॉन्ट वापरताय? या चुका टाळा

जाड, गोल टोकांचा फॉन्ट मथळ्याला लावला की शब्द लगेच जवळचे वाटू लागतात. हुरूप येतो, आणि तोच फॉन्ट मग उपशीर्षकाला, तारखेला, खालच्या बारीक सूचनेलाही लागतो. थोड्या वेळाने सगळं पान काळंकुट्ट दिसतं आणि दोष कुठे आहे ते कळत नाही. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा एकच असतो: आपण काळी रेघ बघतो, तिच्या पोटातली पांढरी जागा बघत नाही. ठळक अक्षर वाचलं जातं ते त्या पांढऱ्या जागेमुळे.

लहान आकारात पोकळ्या बुजतात

देवनागरीत ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’, ‘थ’ आणि ‘य’ यांतला फरक शिरोरेघेतल्या छोट्या फटीवर आणि एखाद्या गाठीवर उभा असतो. वजन (रेघेची जाडी) वाढलं आणि आकार घटला की फट मिटते, गाठीचा ठिपका होतो, आणि ‘धार’ वाचायची की ‘घार’ हे संदर्भावरून ठरवावं लागतं. रोमन लिपीत भौमितिक घडणीमुळे वेगळीच अडचण येते. तिथला छोटा ‘ए’ अनेकदा नुसतं वर्तुळ आणि त्याला टेकलेली उभी रेघ असतो, म्हणून तो ‘ओ’सारखा भासतो. ईमेलचे पत्ते आणि पासवर्ड या फॉन्टमध्ये कधीही देऊ नका.

उपाय सोपा आहे. मजकूर ज्या आकारात दिसणार त्याच आकारात तपासा, स्क्रीनवर मोठा करून नव्हे. डोळे किलकिले करून पाहा. जिथे काळा गोळा दिसेल तिथे वजन एक पायरी उतरवा किंवा साधा फॉन्ट घ्या. गडद पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं आहेत त्याहून जाड भासतात, तेव्हा तिथे तर वजन उतरवाच. शाई शोषणाऱ्या कागदावरही रेघ पसरते.

शिरोरेघ तोडू नका

रोमन मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सवय देवनागरीत आणली की शिरोरेघेचे तुकडे पडतात. गोल टोकांच्या फॉन्टमध्ये हे जास्तच खुपतं. मोकळेपणा हवा असेल तर दोन शब्दांमधली आणि दोन ओळींमधली जागा वाढवा.

उलट चूक म्हणजे अक्षरं एकमेकांवर दाबणं. १९७० मध्ये आलेल्या आयटीसी आवाँ गार्द गॉथिक या रोमन फॉन्टमध्ये हर्ब लुबालिन आणि टॉम कार्नेझ या रेखाटनकारांनी शेजारची अक्षरं एकमेकांत गुंफलेले खास आकार दिले होते, म्हणून ती इतकी घट्ट बसतात. तशी सोय नसलेल्या फॉन्टला नुसतं आवळलं तर वर्तुळं एकमेकांना धडकतात.

बनावट बोल्ड, बनावट गोलाई

वेब पानाला फॉन्टची जाड वजनाची फाइल जोडलेली नसली की ब्राउझर नेहमीचं अक्षर स्वतःच फुगवतो. ही सूज सरसकट असते. खऱ्या ठळक अक्षरात रेघा जिथे मिळतात तिथे जाडी थोडी कमी केलेली असते आणि पोकळी राखण्यासाठी अक्षर रुंद केलेलं असतं. पाउल रेनरच्या १९२७ च्या फ्युतुरा फॉन्टकडे पाहून त्याची अक्षरं कंपास-पट्टीने काढली असावीत असं वाटतं, पण तिथेही डोळ्यांसाठी अशा बारीक दुरुस्त्या आहेत. तेव्हा हवं ते वजन फाइलमध्ये खरंच आहे का, ते आधी बघा.

गोलाईचंही तसंच. साध्या बोल्डभोवती गोल कोपऱ्यांची बॉर्डर लावली की टोकं गोल होतात, पण आतल्या पोकळ्या आक्रसतात. शिवाय गोल टोक सपाट टोकापेक्षा आखूड भासतं, म्हणून जाणकार रेखाटनकार ती रेघ किंचित लांब ठेवतो. बॉर्डरला ही समज नसते. गोलाकार हवं तर मुळात गोलाकार घडवलेला फॉन्टच निवडा. देवनागरीत ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बालू’ आहे. ‘पॉपिन्स’ हा फॉन्ट भौमितिक आहे, पण त्याची टोकं गोल नाहीत.

आउटलाइन दिल्यावर मध्येच रेघा दिसतात?

देवनागरी अक्षरांच्या शिरोरेघा जोडावर एकमेकींवर चढलेल्या असू शकतात. भरीव रंगात ते कळत नाही. आउटलाइन, म्हणजे अक्षराच्या कडेने रेघ, दिली की प्रत्येक जोड उघडा पडतो. मजकुराचं आकारात रूपांतर करून सगळे आकार एकत्र करा, मगच आउटलाइन द्या. मूळ मजकुराची प्रत मात्र जपा, कारण नंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.

मराठी शब्दांनीच चाचणी घ्या

‘दऱ्या’, ‘ॲप’, ‘ऑगस्ट’, ‘मूर्तींना’, ‘बाळ’, ‘कृष्ण’ एवढे शब्द टाइप करून पाहा. एखादं चिन्ह फॉन्टमध्ये नसेल तर ते गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून येतं आणि जाड शब्दात एकच सडपातळ अक्षर उभं राहतं. रफार, वेलांटी आणि अनुस्वार वरच्या ओळीच्या उकारांना टेकत असतील तर ओळींमधलं अंतर वाढवा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येत नसतील, तर मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवून पाहा. काही फॉन्टमध्ये ती वळणं असतात, पण भाषा सांगितल्याशिवाय ती दिसत नाहीत.

दुखवट्याची सूचना किंवा धोक्याचा इशारा गोलाकार ठळक अक्षरांत देऊ नका. त्यांचा लडिवाळपणा तिथे बोचतो. कोरीव पाट्या आणि कापून चिकटवायची अक्षरं यांना मात्र ती फार मानवतात: फिरत्या पात्याने कोरताना आतले कोपरे तसेही गोल होतात, आणि टोकदार कोपरे नसल्याने चिकटवलेलं अक्षर कडेने लवकर उचकटत नाही.