बाळंतिणीचा व्यायाम घेताना या चुका टाळा

सव्वा महिना झाला, बाळंतीण घराबाहेर पडली, की ट्रेनर थेट क्रंचेस (उताणं झोपून डोकं-खांदे उचलण्याचा पोटाचा व्यायाम) लावतो. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. सव्वा महिना ही रूढी आहे. पोटाचे स्नायू मध्ये किती फाकलेत, हे दिवस मोजून कळत नाही, तपासावंच लागतं. तिला उताणं झोपून गुडघे दुमडू द्या. तिचीच बोटं जुळवून, टोकं पायांकडे करून बेंबीवर टेकवायला सांगा आणि डोकं जरासं उचलू द्या. मग बेंबीच्या थोडं वर आणि थोडं खाली तसंच. फट दोन बोटांहून रुंद लागली, किंवा पोटाच्या मधोमध उपड्या होडीसारखा उंचवटा आला, तर क्रंचेस, प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ तोलणं), दोन्ही पाय उचलणं बंद. भिंतीवरचे पुशअप आणि झोपून टाच सरकवण्यापासून सुरुवात करा. सिझर असेल तर त्याआधी डॉक्टरांचा होकार हवा.

दुसरी चूक श्वासाची. श्वास कोंडून वजन उचललं की सगळा दाब ओटीपोटाच्या तळावर येतो आणि लघवीचे थेंब सुटतात. जोर लावताना श्वास सोडायचा. लघवी सुटते हे बायका आपणहून सांगत नाहीत, म्हणून ‘शिंकताना लघवी सुटते का?’ असं बाजूला घेऊन, शक्यतो बाई ट्रेनरने विचारावं. त्यासाठी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू वायू अडवल्यासारखे 5 सेकंद आवळायचे, मग तितकाच वेळ पूर्ण ढिले सोडायचे. असं 8-10 वेळा. लघवी करताना मध्येच धार रोखून हा सराव नको.

घरी ती काय उचलते, हेही विचारा. विहिरीवरून भरलेला हंडा आणणारीला जिममध्ये डंबेल देऊन वर पुन्हा दमवण्यात अर्थ नाही. धावणं, उड्या 12 आठवड्यांआधी नकोतच. व्यायामानंतर अंगावरून रक्त जाणं पुन्हा वाढलं, तर भार जास्त झाला; थांबवा आणि डॉक्टरांना विचारा.

गरोदरपणात उलटी चूक होते: नुसतं बसवून ठेवतात. काही अडचण नसेल तर आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम चालतो. मध्यम म्हणजे बोलता यावं, गाता येऊ नये. मात्र किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमधला दुपारचा वर्ग बंदच ठेवा. 20 आठवड्यांनंतर उताणं झोपवून लांबलचक व्यायाम नको. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून चक्कर येते, कुशीवर वळवा. रक्त, पाणी जाणं, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज, कळा, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही दिसलं तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे पाठवा.