बाळाच्या तयारीत पैसा नेमका कुठे गळतो? या चुका टाळा

सातव्या महिन्यात मी एका वहीत खर्चाची पानं पाडली होती. एक कपड्यांचं, एक पाळण्याचं, एक डोहाळेजेवणाचं, एक हॉस्पिटलचं. जुलैत मुलगी झाली आणि ऑगस्टच्या शेवटी मी हिशेब जुळवायला बसले. कपड्यांचा आणि पाळण्याचा खर्च ठरवलेल्या रकमेच्या आतच राहिला होता. खड्डा पडला होता तो आम्ही वेळेवर विचारल्याच नाहीत अशा गोष्टींमुळे. विम्यात नेमकं काय बसतं, घराचा करार कधी संपतो, बाळाच्या डॉक्टरांची फी बिलात धरली आहे का, हे आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. दोघांचे पगार, भांडुपला भाड्याचं वन बीएचके, गावाकडून आई येणार एवढाच आधार, अशी आमच्यासारखी कितीतरी घरं मुंबईत आहेत. त्यांनी हे चौथा महिना लागायच्या आत वाचावं असं मनापासून वाटतं, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींची मुदत निघून गेली की पैसे खर्चूनही त्या हाती येत नाहीत.

विमा आहे, मग काळजी कसली?

आपण स्वतः घेतलेल्या आरोग्य विम्यात बाळंतपणासाठी वेटिंग पिरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर तेवढा काळ बाळंतपणाचा दावा करता येत नाही. कुठे ९ महिने, कुठे २ वर्षं, कुठे ४ वर्षं. अनेक पॉलिसींत बाळंतपण मुळात धरलेलंच नसतं. त्यामुळे दिवस गेल्यावर घाईने घेतलेली पॉलिसी या बाळंतपणाला उपयोगी पडत नाही. नोकरीतल्या ग्रुप विम्यात बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून सोय असते, पण त्यात बाळंतपणाची मर्यादा वेगळी असते. माझ्या नवऱ्याचं कव्हर ३ लाखांचं होतं आणि आम्ही ३ लाख धरून चाललो होतो. त्यात बाळंतपणाला फक्त ५०,००० मिळतात, हे डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कळलं. तोवर सिझेरियन झालेलं, आणि सोबतीला राहणाऱ्या माझ्या आईला रात्री नीट झोपता यावं म्हणून आम्ही एक पायरी वरची रूम घेतलेली. खोली वरची घेतली की बऱ्याच हॉस्पिटलांत ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, डॉक्टरांची भेट या सगळ्यांचे दर खोलीबरोबर चढतात. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल तर विमा कंपनी बाकीच्या बिलातूनही त्याच प्रमाणात रक्कम कापते. आमचा सगळ्यात मोठा फटका हाच होता.

म्हणून तिसऱ्या महिन्यातच एचआरला मेल करा. नॉर्मल आणि सिझेरियन, दोन्हींची मर्यादा किती, खोलीभाडं कितीपर्यंत, कॅशलेस कुठल्या हॉस्पिटलांत आणि बाळाचं नाव किती दिवसांत पॉलिसीत घालावं लागतं, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. बाळाला काही झालं तर त्याचं बिल वेगळ्या फाइलवर येतं, आणि त्याचं नाव वेळेत घातलं नसेल तर पुढे दावा अडतो.

हॉस्पिटलमध्येही "पॅकेज किती?" एवढंच विचारून परत येऊ नका. जन्माच्या वेळी हजर राहणारे बालरोगतज्ज्ञ, औषधं, हातमोजे-सुयांसारखं सामान पॅकेजात आहे का? एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, तिथेच आहे की बाळाला दुसरीकडे न्यावं लागेल, आणि दिवसाला किती पडतं? रात्री २ वाजता दाखल झालो तर डिपॉझिट किती आणि कशाने भरायचं? कार्डं आणि यूपीआय एकट्या नवऱ्याच्या फोनवर असतील आणि तो रात्रपाळीला असेल तर काय करायचं, हेही आधी ठरवून ठेवा.

पाचवा-सहावा महिना लागलाय आणि विमाच नाही

अशा वेळी नवी पॉलिसी शोधण्यात दिवस घालवू नका. सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये नाव घाला. मुंबईत परळचं केईएम, सायन, नायर, कूपर ही पालिकेची मोठी रुग्णालयं आहेत. सीएसएमटीजवळ कामा आहे, परळलाच ट्रस्टचं वाडिया आहे, शिवाय पालिकेची प्रसूतिगृहं वेगवेगळ्या भागांत आहेत. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी संस्थांत बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि दाखल असतानाचं जेवण मोफत देण्याची तरतूद आहे. गर्दी असते, ओपीडीत अर्धा दिवस जातो, वॉर्डात सोबत एकीलाच राहू देतात. हे कष्ट खरे आहेत. पण कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांना वाचवण्याचा त्यांचा अनुभवही तेवढाच खरा आहे. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये सुरू झाली ती सायनलाच. खासगीत बाळंतपण करायचं पक्कं असेल तरी एक नाव पालिकेत घालून ठेवा, असं मी प्रत्येकीला सांगते. खासगी एनआयसीयूचं बिल रोज काही हजारांनी वाढायला लागलं की डोकं सुन्न होतं. तेव्हा कुठे जायचं हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे.

अजून दोन दारं आहेत. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि भेटायचं ते हॉस्पिटलमधल्या समाजसेवा अधिकाऱ्याला. दुसरं दार राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं. साधं बाळंतपण त्यात बसेल असं धरू नका, पण नवजात बाळाच्या काही गंभीर आजारांवरचे उपचार त्यात आहेत. इथे बहुतेकांचं घोडं रेशनकार्डावर अडतं. कार्ड गावाला, त्यावर सुनेचं नाव नाही, आधारवर अजून माहेरचं आडनाव. हे सगळं नवव्या महिन्यात होत नाही. चौथ्या महिन्यात एक सुट्टी टाकून सुरुवात करा.

याच कागदांवर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसेही अडतात. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. पात्रतेच्या अटी आहेत आणि सरकारी नोकरीत कायम असलेल्या बायकांना ते मिळत नाहीत. खातं आईच्याच नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. तुमच्या भागातल्या अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारा. ५,००० रुपये म्हणजे दोन-तीन महिन्यांची औषधं निघतात, ते सोडू नका.

घराचा करार आणि बाळंतपण एकाच महिन्यात येऊ देणं

याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. आमचा अकरा महिन्यांचा करार जूनअखेर संपत होता. मे महिन्यात मालकांचा फोन आला की मुलगा येतोय, घर रिकामं करा. त्यांची चूक काहीच नव्हती. पण मी रजेवर होते, विश्रांती घ्यायची सोडून भर उन्हात जिने चढत घरं बघत होते. एका महिन्याचं भाडं एजंटला गेलं, नवं डिपॉझिट वाढीव, टेम्पो, सोसायटीचे शिफ्टिंगचे पैसे. बाळासाठी बाजूला काढलेली निम्मी रक्कम बाळ यायच्या आधीच संपली.

दिवस गेल्याचं कळलं की कपाटातून करार काढा आणि तारीख बघा. ती सातव्या महिन्यापासून बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंतच्या काळात पडत असेल तर मालकांशी आत्ताच बोला. करार अकरा महिन्यांचाच हवा असा काही नियम नाही. २२ किंवा ३३ महिन्यांचाही होतो, भाडेवाढ आधीच ठरवता येते आणि लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर सोडायचं किंवा सोडायला लावायचं नाही अशी अट, टाकता येतं. मालकालाही दरवर्षी नवा भाडेकरू शोधायची दगदग नको असते. करार नोंदणीकृत मात्र हवाच, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे. मालक राहू देणार नसतील तर पाचव्या महिन्यात, अंगात ताकद असताना घर बदला, आणि हॉस्पिटल त्यानंतर ठरवा.

रजा आधीच खर्च करून टाकणं

मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी हे लागू आहे, आणि आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं लागतं. कंत्राटी आहात म्हणून हक्क जात नाही. मी पूर्ण ८ आठवडे आधी घेतले. उरले १८. मुलगी चार महिन्यांची होत असताना मी पुन्हा ऑफिसात होते आणि पाळणाघराचा खर्च आम्ही धरला होता त्याच्या बराच आधी सुरू झाला. डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली असेल तर प्रश्नच नाही, तब्येत आधी. तसं नसेल तर पुढचे आठवडे राखून ठेवा. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर ऑफिसने पाळणाघराची सोय करायची असते, तेही रजेच्या अर्जाबरोबर विचारून घ्या. रजेत इन्सेंटिव्ह, प्रवासभत्ता वगैरे थांबू शकतो. हातात नक्की किती पडणार ते विचारा, आणि सहाव्या महिन्यापासून त्याच आकड्यात घर चालवून बघा. आणि हो, रेल्वेचा तीन महिन्यांचा पास सहाव्या महिन्यानंतर काढू नका. माझा निम्मा वाया गेला.

आईच्या ताटातली काटकसर

इथे मला थोडं ठामपणे बोलायचंय. घरात खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कात्री बाई स्वतःच्या ताटाला लावते. फळं नवऱ्याला आणि सासूबाईंना, आपल्याला उरलंसुरलं. लोहाची गोळी संपली की "पुढच्या पगाराला आणू". सोनोग्राफी महाग वाटते म्हणून विसाव्या आठवड्याच्या आसपासची तपासणी पुढे ढकलली जाते. हे करू नका. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या पालिकेच्या प्रसूतिगृहात फुकट मिळतात. जनऔषधी केंद्रात औषधं खूप स्वस्त पडतात, फक्त नाव आणि मात्रा डॉक्टरांना दाखवून घ्या. महागडे पावडरचे डबे खरंच लागणार आहेत का, तेही त्यांनाच विचारा. अंडी, मोड आलेले मूग, नाचणी, शेंगदाणे, परवडतील ते मासे, शेपू, अळीव यांनी ताट भरतं आणि पैसे कमी लागतात. डिंकाचे लाडू एकदम दोन किलो करून ठेवू नका, मुंबईच्या दमट हवेत खवट होतात. सुकामेवा मस्जिद बंदरला दोघीतिघींनी मिळून घेतला तर भाव बरा मिळतो.

बाळाच्या दुधाचंही तेच. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध हा सल्ला आहे आणि तोच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. पण दूध आपोआप येईल असं म्हणून बसू नका. बाळ नीट ओढत नसेल तर पहिल्या दोन दिवसांत नर्सकडून, डॉक्टरांकडून शिकून घ्या. बाळासाठी पावडरच्या दुधाचा डबा घ्यायची वेळ डॉक्टरांनी आणलीच तर अपराधी वाटून घेऊ नका, आणि डबा पुरवायचा म्हणून पावडर कमी घालून पाणी वाढवू नका. त्या बचतीत बाळ उपाशी राहतं.

वस्तूंचं काय?

वस्तूंवर खरं तर फार बोलण्यासारखं नाही. आपल्याकडे बाळ यायच्या आधी खरेदी करत नाहीत. मग हॉस्पिटलमधून घाईघाईत मिळेल त्या भावाने मागवावं लागतं. खरेदी करू नका, पण यादी करा आणि नात्यात कुणाकडे काय पडून आहे ते विचारा. बाळाला आधी वापरलेले कपडे घालण्याची आपली रीतच आहे, ती पाळा. बाळंतविडा आणणाऱ्या आत्या-मावश्यांना काय हवंय ते मोकळेपणी सांगा, नाहीतर शून्य साइझचे दहा फ्रॉक येतात आणि बाळ पाचव्या आठवड्यात त्यांत मावत नाही. दुपट्यांसाठी मंगलदास मार्केटमधून मलमल घेऊन खालच्या शिंप्याकडून कडा शिवून घ्या. प्रॅम घेण्याआधी तुमच्या गल्लीतला फूटपाथ बघा.

लंगोटांचं गणित मात्र महिना बघून करा. माझी मुलगी जुलैतली. २४ लंगोट पुरतील असं आई म्हणाली होती, आणि चिपळूणच्या पडवीत ते पुरलेही असते. इथे खोलीतल्या दोरीवर ते दोन-दोन दिवस सुकेनात, दमट लंगोटाने पुरळ आलं आणि औषधाचा खर्च वाढला. पावसाळ्यात बाळ होणार असेल तर लंगोट ४० धरा, किंवा दिवसा लंगोट आणि रात्री एक-दोन डायपर. एका डायपरला १० रुपये धरले तर दिवसाला सहा म्हणजे महिन्याला १,८००, आणि दोन म्हणजे ६००. लहान साइझचं मोठं पाकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

लसीकरणाबद्दल एवढंच, की बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, पीसीव्ही (न्यूमोनियाची), गोवर-रुबेला या लसी पालिकेच्या दवाखान्यात मोफत असतात. त्या यादीत नसलेल्या लसींसाठीच खासगी डॉक्टरांकडे जा. कार्ड दोन्हीकडे एकच ठेवा.

बारसं घरी करा. पाळणा भाड्याने मिळतो, घुगऱ्या आणि एक गोड पदार्थ पुरतो. हप्त्यावर हॉल घेऊ नका. त्याच दिवशी कुणी मुलांच्या नावाची पॉलिसी घेऊन आलं तर सही करू नका. आधी कमावत्या दोघांचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे कमावणारा गेला तर घरच्यांना पैसे देणारा साधा जीवनविमा, बघा, बाळाचं नंतर.

जन्मदाखल्याचा फॉर्म

जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते, आणि हॉस्पिटल ती माहिती पाठवतं. पण ती माहिती भरून देतो आपण, बहुधा रात्रभर न झोपलेला नवरा, कॉरिडॉरमध्ये उभ्या-उभ्या. आमच्या फॉर्मवर माझं नाव लग्नाआधीचं आणि आडनावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं गेलं. दुरुस्तीला पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात चार फेऱ्या झाल्या, प्रतिज्ञापत्राचे पैसे गेले, आणि तोवर बाळाचं आधारही थांबलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. बाळाचं नाव ठरलं नसेल तर घाई नाही, ते एका वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं. आई-वडिलांची नावं मात्र पहिल्याच दिवशी बरोबर गेली पाहिजेत. दोघांच्या आधारच्या झेरॉक्स हॉस्पिटलच्या बॅगेत, दुपट्यांच्या वर ठेवा, आणि सही करण्याआधी फॉर्म बाळंतिणीला वाचून दाखवा.