स्टडीआयओवाला एमसीपी सर्व्हर एचटीटीपीवर कसा आणायचा

तुमच्याकडे एक एमसीपी सर्व्हर आहे (एमसीपी म्हणजे एआय असिस्टंटला बाहेरची टूल्स आणि डेटा जोडायचा प्रोटोकॉल), समजा फाइली वाचणारा, लॅपटॉपवर मस्त चालतो, आणि आता टीममधले बाकीचे म्हणतायत आम्हालाही पाहिजे, किंवा तुमचा असिस्टंट वेबवर आहे आणि त्याला फक्त यूआरएल समजते. इथे गाडी अडते. कारण स्टडीआयओमध्ये क्लायंट सर्व्हरला स्वतःच्याच मशीनवर प्रोसेस म्हणून सुरू करतो आणि सगळं बोलणं स्टडइन-स्टडआउटमधून, म्हणजे प्रोसेसच्या इनपुट-आउटपुटमधून होतं, नेटवर्कचा संबंधच नसतो.

पण स्टडीआयओ असो की एचटीटीपी, मेसेज दोन्हीकडे सारखाच असतो, जेसन-आरपीसी २.० (जेसनमध्ये लिहिलेल्या विनंत्या आणि उत्तरं), त्यामुळे ब्रिजचं, म्हणजे या दोघांना जोडणाऱ्या मधल्या प्रोग्रामचं काम मुख्यतः हमालीचं, इकडून उचलायचं आणि तिकडे ठेवायचं.

पलीकडे, म्हणजे नेटवर्कच्या बाजूला, कोणता ट्रान्सपोर्ट (मेसेज न्यायची पद्धत) ठेवायचा ते आधी ठरवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी आलं तेव्हा नेटवर्कसाठी एचटीटीपीवरचं एसएसई (सर्व्हर-सेंट इव्हेंट्स) होतं, दोन एंडपॉइंट, म्हणजे दोन यूआरएल सांभाळावे लागायचे, मार्च २०२५ च्या आवृत्तीत त्या जागी स्ट्रीमेबल एचटीटीपी आलं, एकच एंडपॉइंट. नवीन काम असेल तर सरळ तेच घ्या, एसएसई फक्त क्लायंट जुना असेल तरच.

आता ब्रिज. स्वतः लिहायच्या भानगडीत लगेच पडू नका, नोड टाकलेलं असेल तर त्याच्यासोबत येणाऱ्या एनपीएक्स कमांडने सुपरगेटवे हा तयार ब्रिज चालवा, त्याच्या स्टडीआयओ ऑप्शनमध्ये तुमचा सर्व्हर सुरू करायची अख्खी कमांड अवतरणचिन्हांत द्या, पोर्ट द्या, आणि आउटपुट ट्रान्सपोर्ट स्ट्रीमेबल एचटीटीपी आहे असं स्पष्ट सांगा, नाहीतर ते एसएसई धरून चालतं. मग एमसीपी इन्स्पेक्टर (सर्व्हर तपासायचं टूल) उघडून ब्रिजची यूआरएल टाका, टूल्सची यादी दिसली की जोडणी झाली. उलटं हवं असेल, म्हणजे सर्व्हर लांब आणि क्लायंटला फक्त स्टडीआयओ येतं, तर एमसीपी-रिमोट हा उलट दिशेचा ब्रिज वापरा, लॉगिनचं ओऑथसुद्धा (परवानगी घ्यायची पद्धत) ते बघतं.

यादी दिसली नाही तर सगळ्यात आधी स्टडआउट बघा. माझ्या दोन संध्याकाळी यात गेल्यात! पायथनमध्ये एक साधी प्रिंटची ओळ होती, "सर्व्हर सुरू झाला", आणि ती थेट मेसेजच्या प्रवाहात जात होती, पलीकडे जेसन वाचताच येईना. स्टडीआयओमध्ये एका ओळीत एक मेसेज, मधे नवीन ओळ चालत नाही आणि दुसरं काहीही चालत नाही. लॉग सगळे स्टडएररवर, म्हणजे चुकांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर पाठवा. आणि सर्व्हर हाताने लिहिला असेल तर प्रत्येक मेसेजनंतर फ्लश करा, म्हणजे आउटपुट लगेच पुढे ढकला, कारण पाइपमध्ये पायथन आउटपुट साठवून ठेवतं आणि आपल्याला वाटतं सर्व्हर हँग झालाय.

ब्रिजच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर प्रॉक्सी म्हणून असेल तर प्रॉक्सी बफरिंग (उत्तर साठवून ठेवणं) बंद करा, नाहीतर स्ट्रीम तुकड्यातुकड्याने यायच्या ऐवजी शेवटी एकदम येतो.

ब्रिज स्वतःच लिहिणार असाल तर सेशन आयडी विसरू नका. इनिशियलाइज, म्हणजे जोडणीच्या पहिल्या मेसेजच्या उत्तरात सर्व्हरने हेडरमध्ये आयडी दिला तर पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टला क्लायंटने तो परत पाठवायचा, आणि त्यावर ४०४ आला की सेशन संपलं, पुन्हा इनिशियलाइजपासून सुरुवात.

आणि हे मनापासून सांगतो, ब्रिज उघड्या इंटरनेटवर तसाच सोडू नका. स्टडीआयओवर असताना तो सर्व्हर फक्त तुमचा होता, पोर्ट उघडल्यावर जो पोचेल तो तुमच्या फाइली वाचेल. लोकल काम असेल तर १२७.०.०.१ वरच, म्हणजे फक्त स्वतःच्या मशीनपुरता बांधा, ओरिजिन हेडर (रिक्वेस्ट कोणत्या साइटवरून आली ते सांगणारा) तपासा, आणि टीमला द्यायचा असेल तर आधी टोकन लावा, मग यूआरएल वाटा.