मालवाहतुकीच्या बातमीतला आकडा वाचताना

नवी मुंबईत फ्रेट फॉरवर्डिंगच्या (दुसऱ्यांचा माल पाठवण्याची व्यवस्था करण्याच्या) कामाला लागणारी बरीच मुलं कॉमर्सची असतात. हिशेबाला पक्की असतात, तरी बंदराची बातमी हातात दिली की गोंधळतात. मीही कॉमर्सचीच. ऑपरेशन्समधल्या जुन्या सहकाऱ्यांनी मला एक सवय लावली, तीच नव्यांना सांगते: आकडा मोठा की लहान हे नंतर बघा, आधी नेमकं काय मोजलंय ते विचारा.

इथल्या न्हावा शेवा बंदराचंच घ्या. जेएनपीएने, म्हणजे तिथल्या जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाने, २०२३-२४ मध्ये ६४.३ लाख टीईयू हाताळले आणि २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख. हे ७३ लाख कंटेनर नव्हेत. टीईयू हा वीस फुटी कंटेनरचा हिशेब आहे, चाळीस फुटी एक आला की दोन टीईयू धरतात. त्यामुळे चाळीस फुटींचं प्रमाण वाढलं, तर कंटेनर तेवढेच राहूनही टीईयू चढतात. ट्रेलरवाल्याच्या धंद्याचा अंदाज घ्यायचा असेल तर कंटेनरची संख्या शोधा. शिवाय या बेरजेत रिकामे कंटेनरही असतात. ट्रान्सशिपमेंटचा कंटेनर तर एका जहाजावरून उतरताना मोजला जातो आणि दुसऱ्यावर चढताना पुन्हा. फरशी, पोलाद असा जड माल बहुधा वीस फुटीत भरतात आणि कपड्यांसारखा हलका, जागा खाणारा माल चाळीस फुटीत. म्हणून टीईयू आणि टन हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले की काय बदललं ते बरंच कळतं.

पालघर जिल्ह्यातल्या नव्या वाढवण बंदराच्या बातम्यांत २.३२ कोटी टीईयू वाचाल. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. २.३२ कोटी ही नियोजित क्षमता आहे, हाताळलेला माल नाही. शांघायने २०२४ मध्ये ५ कोटी टीईयूंचा टप्पा ओलांडला, पण तो जानेवारी ते डिसेंबरचा आकडा. आपली बंदरं एप्रिल ते मार्च मोजतात.

मला सगळ्यात जास्त खटकते ती लॉजिस्टिक्स खर्चाची, म्हणजे माल नेण्या-साठवण्याच्या खर्चाची टक्केवारी. भारताचा हा खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के आहे, असं वर्षानुवर्षं भाषणांतून आणि अहवालांतून ऐकू येत होतं. नंतर एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेने अधिक तपशिलाने मोजदाद केली आणि २०२३-२४ साठी ७.९७ टक्के हा आकडा पुढे आला. खर्च निम्मा झाला, असा याचा अर्थ लावू नका. मोजण्याची पद्धतच बदलली आहे, त्यामुळे हे दोन आकडे एका आलेखात जोडता येत नाहीत. मुलाखतीला जाणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं, कारण हा प्रश्न हमखास निघतो.

भाड्याच्या बातमीत एकक आणि मार्ग बघा. ड्र्यूरी या सागरी सल्लागार कंपनीचा कंटेनर भाड्याचा जागतिक निर्देशांक चाळीस फुटी कंटेनरमागे डॉलरमध्ये असतो. २०१९ ची सरासरी १,४२० डॉलर होती आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तो १०,३७७ वर गेला. पण हे तत्काळ बुकिंगचे दर आहेत. वर्षाचा करार केलेल्या निर्यातदाराचं भाडं वेगळं असतं. शिवाय ही सरासरी शांघाय, रॉटरडॅम, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क अशा ठरावीक मार्गांची. न्हावा शेवाहून आफ्रिकेला माल पाठवणाऱ्याला ती दिशा दाखवेल, दर सांगणार नाही.

ई-वे बिलांच्या (माल नेताना जीएसटीखाली काढायच्या ऑनलाइन परवान्यांच्या) विक्रमाच्या बातम्यांबद्दल थोडंच सांगते: एका ट्रकमधल्या मालाची अनेक बिलं असू शकतात, त्यामुळे बिलं मोजून ट्रक मोजता येत नाहीत. आणि मालवाहतुकीच्या जुन्या बातम्यांत एप्रिल २०२१ च्या भरमसाट वाढी वाचताना त्या एप्रिल २०२० च्या टाळेबंदीशी तुलना करून काढल्या आहेत हे लक्षात ठेवा, २०१९ शी ताडून बघा.

सुरुवातीला एकच बंदर निवडा. दर महिन्याला त्याचं मूळ प्रसिद्धिपत्रक उघडून टीईयू, टन आणि कालावधी एक्सेलमध्ये भरा, आणि बातमी त्यानंतर वाचा.