परतीच्या पावसात सावलीतले रानकंद सांभाळा

आंबा-फणसाच्या सावलीत रानहळद, पेवा, कळलावी लावली असेल तर या आठवड्यात बाकी सगळे बाजूला ठेवा आणि वाफ्यातले पाणी बाहेर काढा. पाने पिवळी पडू लागली म्हणजे झाड कंदात उतरायला लागले. त्याला आता पाणी नको असते, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस कोसळतो. वर मालक ‘सुकतंय’ म्हणून झारी घेऊन उभा! कंद आत कुजतो आणि ते कळते पुढच्या जूनमध्ये, कोंब येत नाही तेव्हा.

सर्वात जास्त नुकसान सुपारीच्या बागेत बघतो. पाऊस संपला की शिंपण सुरू होते आणि आळ्याच्या काठावरचे रानकंद उन्हाळाभर भिजत राहतात. ते आत्ताच आळ्याबाहेर, उतारावर हलवा. पानगळीनंतर मे अखेरपर्यंत थेंबही नको.

पाने आहेत तोवर ओळख पटवून काठी रोवा, नाहीतर उन्हाळ्यात कुदळ कंदावरच बसते. पेव्याची पाने खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढतात; पांढरे फूल गळले तरी लाल कणीस राहते. कळलावीच्या पानाचे टोक वळून ताणा होतो. रानहळदीच्या तुऱ्याला वर गुलाबी-जांभळी पाने, खाली पिवळी फुले. कळलावीचा कंद जहाल विषारी. रताळ्यासारखा समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. हातमोजे घाला, मुले-गुरे लांब ठेवा.

कंदकूज दिसली तर मऊ भाग कापून काढा. कॉपर ऑक्सिक्लोराईड (बुरशीनाशक) २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात, हळद-आल्याला करतात तशी एकच आळवणी (म्हणजे मुळाशी ओतणे), तीही उघडीप मिळाल्यावर. दुकानदार ‘बल्ब बूस्टर’, ह्युमिक, टॉनिक पुढे करेल. निजलेला कंद ते पिणार कसे? माझा ठोकताळा असा: मूठभर मातीचा दाबून गोळा झाला तर वाफा अजून ओला आहे, चर आणखी खोल करा.

बाकी कामे:
- वाफा वीतभर उंच
- वाळलेली पाने कापणे, ओढणे नाही
- तेरड्याचे बी बोंड फुटण्याआधी गोळा करणे
- पालापाचोळ्याचे आच्छादन, बुंध्यापासून दूर
- मे अखेर १०० किलो शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयुक्त बुरशी) मुरवणे

नवी लागवड पुढच्या मृगात. कंद शेजाऱ्याच्या वाफ्यातून मागून घ्या, देवराईत किंवा सड्यावर (कातळाच्या पठारावर) खणू नका.