लसूण आताच सुरू करा, मासे खाद्यावर आहेत तोवर

पहाटेचा गारठा वाढला की रोहू, कटला, मृगळ यांचे खाणे मंदावते. पाणी 20 अंशांच्या खाली गेले की फारच कमी होते. अंगावर लाल चट्टे, कुजलेले पर, फुगलेली पोटे याच दिवसांत दिसतात. एरोमोनास जिवाणू पाण्यात आणि गाळात बारमाही असतोच. मासा अशक्त झाला की हा जिवाणू उचल खातो. त्याला आवर घालण्यासाठी खाद्यातून लसूण द्यायचा.

तळी बसतात ती एकाच चुकीने: लसूण सुरू होतो तो चट्टे दिसल्यावर. आजारी मासा आधी खाणे सोडतो, मग काठाला येतो. खातच नाही त्याच्या पोटात लसूण जाणार कसा? टाकलेले खाद्य तळाशी सडते, अमोनिया वाढतो आणि उरलेले मासेही आजारी पडतात. थंडीचा कडाका पडायला आठवडाही लागत नाही, म्हणून आजच सुरुवात करा.

10 किलो खाद्याला 150 ग्रॅम सोललेला लसूण घ्या. ठेचून 10 मिनिटे तसाच ठेवा. लसणातला जिवाणूंना मारक घटक, ॲलिसिन, तयार होतो तो ठेचल्यानंतरच. 300 मिली साध्या पाण्यात कालवून चोथ्यासकट गोळी खाद्यावर शिंपडा, वरून 100 मिली शेंगतेल चोळा, म्हणजे अर्क पाण्यात लगेच सुटत नाही. तासभर सावलीत सुकवून त्याच दिवशी टाका. उकळले किंवा उन्हात वाळवले तर वास उडतो आणि गुणही. पाणी जास्त झाले की गोळ्या फुटतात. लसणाची पावडर असेल तर किलोला 5 ग्रॅम. 15 दिवस द्या, 15 दिवस थांबा. हा आडाखा तळ्यावरचा आहे, पुस्तकातला नाही.

‘हर्बल’ बाटलीवर कोणता घटक किती टक्के हे लिहिलेले नसेल तर ती दुकानातच राहू द्या. आणि झाडपाला म्हणजे निर्धोक असेही नाही. कडुनिंबाचे तेल तळ्यात ओतू नका. मोहाची पेंड तर नको असलेले मासे मारायलाच वापरतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांना मत्स्यपालनात बंदी आहे, कोणी कितीही भरवसा दिला तरी.

बाकीची कामे:
- खाद्य माशांच्या वजनाच्या 1 ते 1.5 टक्का, सकाळी 11 नंतर
- खाद्याच्या ट्रेमध्ये 2 तासांनी उरले तर दुसऱ्या दिवशी निम्मे
- ढगाळ दिवशी खाद्य बंद
- पाण्याचा सामू (pH) 7.5 च्या खाली असेल तरच चुना, 30×30 मीटर तळ्याला 18 किलो, भिजवून थंड करून
- पहाटे मासे वर तोंड काढत असतील तर पंपाने पाणी उडवा
- थंडीत उगाच जाळे ओढू नका; खवले निघतात, जखमेतून जिवाणू शिरतो

चट्टे दिसलेच तर खाद्य थांबवा, मेलेले मासे काढून चुना टाकून पुरा, आणि मासे धापा टाकत नसतील तेव्हा पोटॅशियम परमँगनेट द्या, 1,000 लिटरला 2 ग्रॅम. मात्र आधी पाणी मोजा. एकास एक उताराचे 30×30×3 मीटर तळे काठोकाठ भरले तर सुमारे 22 लाख लिटर, म्हणजे 4.4 किलो. पाणी दीड मीटरवर आले असेल तर ते निम्मेही उरत नाही. तिथे 2 किलोच्या वर जाऊ नका.